गावकामासाठी कार्यकर्ते तयार करताना गोव्यात पहिला धडा कोणता असावा?

म्हादईकाठ (सत्तरी) यांचा प्रश्न

आमच्या छोट्या संस्थेने यंदा सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांतील चौदा तरुण-तरुणींना गावपातळीवरील कामासाठी तयार करावयाचे ठरविले आहे. बहुतेक जण बारावी झालेले आहेत, चौघे पदवीधर आहेत. काहींच्या घरी पूर्वी खाणीवरचे ट्रक होते. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्यावर घरची घडी कशी विस्कटते हे त्यांनी लहान वयात पाहिले आहे, त्यामुळे गावात राहून काही करावे ही त्यांची ओढ वरवरची नाही.

अडचण वेगळीच आहे. मराठीतून शिकविण्याजोगे साहित्य शोधू लागलो तेव्हा हाती आले ते जवळजवळ सगळे महाराष्ट्रातले. ते चांगले आहे आणि मेहनतीने लिहिलेले आहे, यात शंका नाही. परंतु त्यात पंचायत समिती आहे, जी आपल्याकडे मुळातच नाही. त्यात ग्रामसेवक आहे, आपल्याकडे पंचायत सचिव. त्यात सात-बारा आहे, आपल्याकडे एक-चौदाचा उतारा. त्यात तहसीलदार आहे, आपल्याकडे मामलेदार. कोमुनिदादीचे, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेचे, तर त्या पुस्तकांत नावही नाही. गेल्या वर्षीच्या लहान वर्गात एका हुशार मुलीने सराव म्हणून लिहिलेल्या अर्जाचा मायना 'माननीय सभापती, पंचायत समिती, सत्तरी' असा होता. चूक तिची नव्हती, आम्हीच तिला तसे शिकविले होते.

सध्याचा आराखडा सहा आठवड्यांच्या निवासी वर्गाचा आहे. त्यात पंचायतराज, शासकीय योजना, स्वयंसाहाय्य गट, शेती आणि संवादकौशल्य असे विषय ठेवले आहेत. तो वाचताना मला स्वतःलाच असे वाटते की हे कोणत्याही राज्यात चालेल, आणि म्हणूनच इथे चालणार नाही. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या मंडळींना विचारावयाचे आहे की सुरुवात कशापासून करावी, सलग सहा आठवडे ठेवावेत की तुकड्यांनी शिकवावे, आणि शिकविण्यासाठी कोणाला बोलवावे?

निवृत्त विस्तारक (फोंडा) यांचे उत्तर

आपण मायन्याची गोष्ट सांगितलीत, तेथूनच सुरुवात करतो, कारण ती चूक एका मुलीची किंवा एका संस्थेची नसून तिला इतिहास आहे. सामुदायिक विकास कार्यक्रम देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी सुरू झाला आणि ग्रामसेवक नावाचा, शेतीपासून आरोग्यापर्यंत सर्व काही थोडे थोडे जाणणारा कार्यकर्ता त्यातूनच घडला. त्याच्या प्रशिक्षणाची केंद्रे निघाली, या कामाच्या अभ्यासाची व संशोधनाची संस्था १९५८ साली मसुरीत निघाली आणि पुढे हैदराबादला गेली. हे सारे सुरू झाले तेव्हा, आणि पुढे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, गोवा पोर्तुगिजांकडे होता. आपल्याकडे पंचायती आल्या त्या मुक्तीनंतर, १९६२ च्या नियमनाने, आणि सध्याचा पंचायतराज कायदा १९९४ चा आहे. म्हणजे इतरांनी दहा वर्षे चुकत-माकत जे शिकून घेतले ते आपल्याकडे तयार साच्याच्या रूपात आले, आणि साचा बाहेरून आला की गावात आधीपासून काय आहे हे पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

लोकसंख्या वीस लाखांहून कमी असल्यास राज्याला मधला स्तर न ठेवण्याची मुभा त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने दिली आहे, म्हणून आपल्याकडे १९१ ग्रामपंचायती आणि दोन जिल्हा पंचायती एवढीच उतरंड आहे. गटविकास अधिकारी आहे, पण त्याच्या शेजारी बसणारी निवडून आलेली समिती नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की पंचायतीचे काम अडले की माणूस सरळ आमदाराकडे जातो. हे योग्य की अयोग्य याची चर्चा मुलांबरोबर अवश्य करा, पण ते तसे का घडते हे त्यांना आधी कळू द्या.

आता पहिल्या धड्याविषयी. माझ्या मते तो एक-चौदाचा उतारा हाच असावा. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या गावातला एक सर्व्हे क्रमांक नेमून द्या आणि पंधरा दिवसांत त्या तुकड्याची गोष्ट लिहून आणावयास सांगा. कब्जेदाराच्या रकान्यात कोण आहे, कुळाच्या रकान्यात कोण आहे, इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे, आणि प्रत्यक्ष जागेवर कोण राबतो. ही चार उत्तरे जुळत असतील असा तुकडा सापडला तर मला कळवा, मी पाहावयास येईन. या एका अभ्यासातून १९६४ चा कूळ कायदा येतो, कुळाला मालक मानणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती येते, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराचा १९७५ चा कायदा येतो, कोमुनिदाद येते, आणि भाटकार व मुंडकार यांच्या घरांमध्ये आजही जे बोलले जात नाही तेही येते. कायद्याची कलमे फळ्यावर लिहून शिकविलीत तर दुसऱ्या आठवड्यात कोणाच्याही लक्षात राहणार नाहीत. स्वतःच्या आजोबांचे नाव रकान्यात न सापडल्यावर मात्र मुलगा घरी जाऊन विचारतो, आणि तेव्हा तो शिकू लागतो.

सेवेत असताना पाहिलेला एक प्रकार सांगतो, गावाचे नाव घेत नाही. वाड्यावर पाण्याची टाकी बांधण्याचा ठराव ग्रामसभेने एकमताने केला, निधीही मंजूर झाला, आणि खड्डा खणण्याच्या वेळी समजले की जागा कोमुनिदादीची आहे व तिच्याकडे कोणी लेखी विचारलेलेच नाही. गावकार, म्हणजे कोमुनिदादीचे सदस्य, विरोधात नव्हते, त्यांचा राग विचारले नाही एवढ्याचाच होता. टाकी तीन वर्षे रखडली. तेथे काम करणारा तरुण उत्साही होता, योजना त्याला तोंडपाठ होत्या, फक्त जागा कोणाची हा प्रश्न विचारण्याची सवय त्याला कोणी लावली नव्हती.

सलग सहा आठवडे ठेवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभे केले, त्यातील गावच्या आरोग्यसेविका, ज्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती, एकदाच शिकून परत गेल्या नाहीत. त्या ठरावीक दिवशी केंद्रावर येत, थोडे शिकत, गावात ते करून पाहत आणि अडलेले घेऊन पुन्हा येत. आपले अंतर तर त्यांच्याहूनही कमी आहे. सत्तरीतला मुलगा सकाळी निघाला तर दुपारपर्यंत राज्यात कोठेही पोहोचतो, मग त्याला दीड महिना वसतिगृहात कोंडून ठेवण्याचे कारण काय?

शिक्षकांविषयी एवढेच सांगतो की निवृत्त पंचायत सचिव आणि निवृत्त तलाठी शोधा. त्यांना भाषण करता येत नाही, पण फाइल कोठे आणि का अडते हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. योजनांसाठी जुन्या गोव्याला एला येथे राज्याची लोकप्रशासन व ग्रामीण विकास संस्था आहे, शेतीसाठी तेथेच केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, त्यांच्याकडे एकेक दिवस नेऊन आणा.

काणकोणची ताई यांचे उत्तर

वरील उत्तर मी दोनदा वाचले. त्यातले ज्ञान मोलाचे आहे, तरीही क्रमाबाबत माझे मत नेमके उलटे आहे, आणि ते वीस वर्षे स्वयंसाहाय्य गटांबरोबर बसून झालेले आहे.

नवा मुलगा वाड्यावर आला आणि पहिल्याच भेटीत जमिनीचा कागद मागू लागला, तर लोक त्याला दोनच प्रकारे ओळखतील: एक तर जमीन विकत घेणाऱ्याचा दलाल, नाहीतर सरकारी सर्वेवाला. काणकोण, केपे, सांगे या भागांत वेळीप आणि गावडा समाजाच्या लोकांनी आपल्याच डोंगरावरच्या कसवणुकीसाठी इतकी वर्षे कागदांची ओझी वाहिली आहेत की 'उतारा दाखवा' हे शब्द ऐकताच घरातली म्हातारी आत निघून जाते. त्या दारात पुन्हा बोलावणे यावयास वर्ष लागते. म्हणून पहिला धडा बसण्याचा असावा. वही नाही, मोबाइल नाही, प्रश्नावली नाही. एक महिना एकाच वाड्यावर जावे, हाताला मिळेल ते काम करावे, आणि संध्याकाळी दिवसभर काय ऐकले ते घरी येऊन लिहावे.

आपल्या गावांत ग्रामसभेखेरीज आणखी एक बैठक असते, ती कोणत्याही पुस्तकात नाही. तिचे नाव मांड. शिगम्याचा मांड, धालोचा, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवाचा, मांड. वर्षातून काही दिवस गाव तेथे जमतो, कोणी कोठे उभे राहावयाचे हे ठरलेले असते, आणि कोणाला तेथे जागा नाही हेही ठरलेले असते. ग्रामसभेतल्या खुर्च्यांवर जे दिसत नाही ते मांडावर दिसते. माझ्या गटातील ज्या बाईने ग्रामसभेत आयुष्यात तोंड उघडले नव्हते, तीच धालोला पुढे उभी राहून गाणे सांगत असे आणि पन्नास बायका तिच्या मागे म्हणत असत. तिला 'नेतृत्वविकास' शिकविण्यासाठी शिबिरात पाठविणारे आम्ही किती शहाणे होतो, याचे मला आज हसू येते. तिला फक्त ग्रामसभेचा विषय दोन दिवस आधी समजावून सांगण्याची गरज होती. पुढे तिनेच वाड्याच्या पायवाटेचा विषय मांडला.

भाषेचाही विचार करा. आपली मुले बोलतात कोकणीत, वाचतात-लिहितात मराठीत, आणि अर्ज बहुतेक वेळा इंग्रजीत भरावा लागतो. वर्गात तीनही ठेवा. इंग्रजी नमुना भरता न आल्याने मुलगा गावात उघडा पडतो, आणि मराठी टिपण वाचून दाखविल्यासारखे बोलला तर तो गावाला परका वाटतो. या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत.

हिशोब शिकवाच, आणि खऱ्या वहीवर शिकवा. गट मोडतात ते भांडणाने नव्हे, आधी वही मागे पडते आणि भांडण नंतर येते. एका गटाची सहा महिन्यांची न जुळणारी वही, गटाच्या परवानगीने व नावे झाकून, मुलांपुढे ठेवा आणि चूक शोधावयास सांगा. माझ्या अनुभवात ज्यांचे शिक्षण सर्वांत कमी होते त्यांनीच ती आधी शोधली.

जुना प्रशिक्षणार्थी (सांगे) यांचे उत्तर

मी अशाच एका वर्गातून शिकलेला आहे. संस्थेचे नाव सांगत नाही. शिक्षण चांगले होते. नंतर मानधन चार-चार महिने येत नसे आणि आमच्या वाड्यावर संध्याकाळची शेवटची बस सहाच्या आत सुटे, तर बायकांच्या बैठका शेतातून परतल्यावर सातनंतरच होत. दुचाकीच्या पेट्रोलचा खर्च कोणी करावयाचा हे अभ्यासक्रमात नव्हते. दीड वर्षाने मी सरकारी नोकरीसाठी अर्ज केला, ती मिळाली, आणि आता मी गावात फक्त चतुर्थीला जातो. आपल्या चौदापैकी किती जण पाच वर्षांनी गावात असावेत, हे आधी ठरवा आणि त्यांच्या पगाराची व्यवस्था त्या हिशोबाने करा, अशी विनंती आहे.

म्हादईकाठ यांचे प्रत्युत्तर

तिघांचेही आभार. शेवटचे उत्तर वाचून आमच्या कार्यकारिणीची बैठक घेतली. मानधनासाठी वर्षभराची रक्कम बँकेत वेगळी ठेवल्याखेरीज वर्ग सुरू करावयाचा नाही, असे ठरले आहे. त्यामुळे संख्या चौदावरून नऊवर आणावी लागेल. वाईट वाटते, पण मान्य आहे.

एका गोष्टीवर मात्र अधिक मार्गदर्शन हवे आहे. नऊपैकी तिघे गवळी धनगर समाजाचे आहेत आणि त्यांच्या वाड्यांचा मुख्य प्रश्न वनहक्काचा आहे. तेथे ताईंचे 'कागद नंतर' आणि विस्तारकांचे 'कागद आधी' यांचा मेळ कसा घालावा?

निवृत्त विस्तारक यांचे उत्तर

ताईंचा आक्षेप मला मान्य आहे. मी सरकारी ओळखपत्र घेऊन फिरत होतो, त्यामुळे दार उघडत असे. ते माझ्यामुळे उघडत नसे, हे निवृत्तीनंतर कळले.

वनहक्काच्या बाबतीत तर ताईंचे 'ऐकणे' हाच कायदेशीर पुरावा आहे, आणि ही गोष्ट बहुतेक प्रशिक्षणांत सुटते. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गवळी धनगरांना तो मिळालेला नाही. म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्यात ते 'इतर पारंपरिक वननिवासी' या वर्गात येतात आणि त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. डोंगरावरच्या गोठ्याला १९३० सालचा कागद कोठून आणावा? पण याच कायद्याच्या नियमांत, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथन, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा, घराच्या जोत्याच्या खुणा हेही पुरावे म्हणून ग्राह्य आहेत, मात्र एकाहून अधिक पुरावे लागतात. म्हणजे म्हाताऱ्याजवळ बसून त्याची हकिकत नीट, त्याच्या शब्दांत, साल किंवा एखाद्या मोठ्या घटनेच्या आधाराने लिहून घेणे हे येथे कौशल्याचे काम आहे. 'फार जुने आहे' असे लिहिलेले कथन परत येते. 'देवळाचे छप्पर बदलले त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाचा जन्म येथे झाला' असे लिहिलेले टिकण्याची शक्यता अधिक, कारण छपराचे साल देवस्थानच्या वहीत सापडू शकते.

मुलांना एवढेही सांगा की दावा प्रथम ग्रामसभेपुढे जातो, तिची वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची असते, आणि दावा पडताळताना समितीने जागेवर जावयाचे असते. खुर्चीत बसून शिक्का मारलेला दावा वरच्या समितीत अडकतो आणि त्याचे खापर गावावर फुटते.

खाजनकाठ (तिसवाडी) यांचे उत्तर

चर्चा डोंगराकडची आहे, तरी एक सुचवितो. तुमच्या मुलांना दोन दिवस आमच्याकडे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीत, पाठवा. भरती-ओहोटीनुसार उघडझाप होणारे मानशीचे (बांधातल्या पाण्याच्या वाटेचे) दार, बांध आणि शेत या तिन्हींची देखरेख पूर्वी कोमुनिदाद करी, कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघांकडे आले. मानशीत मासे धरण्याचा लिलाव होतो, त्याचे पैसे बांधाच्या दुरुस्तीला लागावयाचे असतात, आणि पैसे कोठे गेले यावरून जे वाद होतात त्यांत हिशोब, सभेची इतिवृत्ते आणि हितसंबंध हे सारे एकाच ठिकाणी शिकावयास मिळते. मासेवाल्याला खारे पाणी आत यावेसे वाटते, भातवाल्याला ते बाहेर राहावेसे वाटते, आणि अनेकदा ही दोन्ही माणसे एकाच घरात असतात. गावात 'लोकांचे मत' एकच असते असे ज्याला वाटते त्याने मानशीवर एक ओहोटी उभे राहून पाहावे.

येताना पावसाळा टाळा. बांधावरून चालता येत नाही.

काणकोणची ताई यांचे उत्तर

वेळापत्रकाविषयी राहिलेले सांगते. पहिला टप्पा भातकापणी उरकल्यावर नोव्हेंबरात ठेवा. मार्च ते मे या काळात काहीही ठेवू नका, सगळी घरे काजूच्या बोंडांमागे असतात आणि त्या दिवसांत बैठक बोलावणारा कार्यकर्ता गावाला ओळखत नाही हे सर्वांना तेव्हाच कळते. पौषात धालो असतील, तेव्हा वर्गाला सुट्टी द्या आणि मुलींना आपापल्या मांडावर जाऊ द्या. मुलगे मांडावर नाचावयास जाऊ शकत नाहीत, पण बाहेर उभे राहून पाहू शकतात. परतल्यावर त्यांना एवढेच विचारा की तेथे कोण आले नव्हते.

म्हादईकाठ यांचे प्रत्युत्तर

१९ डिसेंबरच्या, मुक्तिदिनाच्या विशेष ग्रामसभेला नऊही जणांनी आपापल्या गावात बसावे, काही बोलू नये आणि फक्त टिपण करावे, असे ठरविले आहे. त्यानंतर धालो. दोन्ही टिपणे जानेवारीच्या अखेरीस शेजारी शेजारी ठेवून वाचू, आणि काय निघाले ते येथे कळवीन. तोपर्यंत कोणाकडे भरलेल्या, पण परत आलेल्या वनहक्क दाव्याची नावे झाकलेली प्रत असल्यास वर्गासाठी हवी आहे.